वळवाचा पाऊस आणि त्याआधीची दहा मिनिटं: पुणेकरांसाठी सविस्तर मार्गदर्शक

मार्च ते मे या महिन्यांत पुण्यात झाडं पडतात, पत्रे उडतात, गाड्या चेपतात आणि माणसं जखमी होतात. यातलं बरंचसं घडतं ते पाऊस सुरू होण्याआधी. ढग अजून हडपसरवर असतो, कोथरूडमध्ये थेंबही पडलेला नसतो आणि अचानक गार वाऱ्याचा लोट येतो. धूळ उडते, गुलमोहराची फांदी खाली येते, रस्त्यावरचे दुचाकीवाले मिळेल त्या आडोशाला धावतात. तो आडोसाच कधीकधी घात करतो. १७ एप्रिल २०२३ रोजी संध्याकाळी पिंपरी-चिंचवडमध्ये किवळ्याजवळ, महामार्गाच्या सेवा रस्त्यालगतचं लोखंडी होर्डिंग वादळी वाऱ्यात कोसळलं आणि पाच जणांचा जीव गेला. वारा-पावसापासून वाचायला माणसं त्याच्याच आडोशाला थांबली होती.

म्हणून या लेखाचा सगळा भर पाऊस किती पडेल यावर नाही. वळीव येणार हे तासभर आधी कसं ओळखायचं आणि वारा सुटण्याआधी सुरक्षित जागी कसं पोचायचं, यावर आहे. छत्री हा त्यातला सर्वांत बिनमहत्त्वाचा भाग.

आधी हा पाऊस समजून घ्या

वळवाला तीन गोष्टी लागतात: तापलेली जमीन, हवेत ओलावा आणि ती हवा वर ढकलणारं काहीतरी.

पहिली गोष्ट पुण्यात भरपूर. एप्रिलमध्ये कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास असतं, मधूनच चाळिशी ओलांडतं. दुसरी गोष्ट मात्र रोज मिळत नाही. मार्चमधल्या कोरड्या दुपारी पुण्याची आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते. अशा हवेत कितीही ऊन तापलं तरी नुसता घाम सुकतो, ढग होत नाही. ओलावा आणावा लागतो तो बाहेरून. एक वाट अरबी समुद्राची. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सह्याद्री चढून आत येतो. दुसरी वाट बंगालच्या उपसागराची. तिथली दमट हवा पूर्वेकडून, आग्नेयेकडून मराठवाडा आणि कर्नाटक ओलांडत पोचते. या दोन दिशांचे वारे जिथे एकमेकांना भिडतात तिथे हवेला वर जाण्यावाचून जागा नसते. हवामान खात्याच्या पत्रकात ‘विदर्भापासून दक्षिणेकडे द्रोणिका’ असं वाक्य उन्हाळ्यात वारंवार येतं, ते याच भिडण्याच्या रेषेबद्दल असतं. ते वाक्य दिसलं की कान टवकारा.

वर गेलेली हवा थंड होते, बाष्पाचं पाणी होतं, त्यातून निघालेली उष्णता ढगाला आणखी वर रेटते. चांगला पोसलेला ढग दहा-बारा किलोमीटर उंच जातो. उन्हाळ्यात पुण्यावर गोठणबिंदूची पातळी साधारण पाच किलोमीटरच्या आसपास असते, म्हणजे ढगाचा वरचा निम्म्याहून अधिक भाग बर्फाच्या राज्यात. तिथे बर्फाचे कण आणि मऊ गारा एकमेकांवर आपटून विद्युतभार वेगळे होतात. विजेचं मूळ ते. तिथेच गारा थरावर थर चढवत मोठ्या होतात.

आता वाऱ्याचं. ढगातून पाऊस सुटतो तेव्हा खालची हवा अजून कोरडी असते. पडता पडता काही थेंब तिथेच वाळतात आणि वाळताना हवेची उष्णता घेतात. ती हवा गार आणि जड होऊन धबाधबा खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. खालची हवा जितकी कोरडी, तितका हा लोट जोरकस. मार्च-एप्रिलमध्ये पाऊस चमचाभर आणि वारा मात्र झाडं पाडणारा, असं का होतं त्याचं उत्तर हे. हा लोट ढगाच्या बराच पुढे धावतो, म्हणूनच तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही तो येऊ शकतो.

हंगामाचे ढोबळ तीन टप्पे धरा. मार्च ते एप्रिलच्या मध्यापर्यंत वरच्या थरात उत्तरेकडची थंड हवा अजून येत असते, तेव्हा गारपिटीची शक्यता जास्त. एप्रिलअखेर ते मेचा मध्य हा विजांचा आणि वाऱ्याचा खरा काळ. २५ मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागतं तेव्हा हवा चांगलीच दमट झालेली असते. पाऊस जास्त पडतो, रस्ते तुंबतात. पुण्यात मान्सून पोचण्याची सर्वसाधारण तारीख १० जून. पण २०२५ साली तो २६ मेलाच दाखल झाला, त्यामुळे कॅलेंडरवर फार विसंबू नका.

पायरी पहिली: सकाळचा अंदाज नीट वाचा

पुणेकरांना भारतीय हवामान विभागाबद्दल विनोद करायची सवय आहे, आणि गंमत म्हणजे या विभागाची एक फार जुनी वास्तू आपल्याच शिवाजीनगरात उभी आहे. मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून इथे आलं, म्हणून त्या चौकाला आजही ‘शिमला ऑफिस’ म्हणतात. विनोद बहुतेक अंदाज अर्धवट वाचल्यामुळे होतात, असं माझं मत आहे.

अंदाजात ‘ठिकाणी’ या शब्दाच्या आधी काय आलंय ते बघा. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्के केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे साधारण पन्नास टक्क्यांपर्यंत. त्यापुढे ‘बऱ्याच’ किंवा ‘अनेक’ आणि सर्वांत वर ‘बहुतांश’. वळवाच्या दिवसांत बहुतेक वेळा ‘तुरळक’ असतं. याचा अर्थ चारपैकी तीन ठिकाणी काही पडणारच नाही, आणि तरीही अंदाज बरोबर असेल. लोहगावला गारा आणि पाषाणला कडक ऊन हा अंदाजाचा पराभव नव्हे. वळीव असाच असतो.

इशारा जिल्ह्याला असतो आणि पुणे जिल्हा लोणावळ्यापासून इंदापूरपर्यंत पसरलेला आहे. टीव्हीवर ‘पुण्याला यलो अलर्ट’ ऐकून तो फक्त लक्ष्मी रोडसाठी आहे असं धरू नका. रंगांचा अर्थ असा: हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हातपाय हलवा. सोबत वाऱ्याचा वेग दिलेला असतो. ताशी ३० ते ४० किलोमीटर असेल तर वाळत घातलेले कपडे उडतील. ५० ते ६० लिहिलं असेल तर फांद्या आणि फ्लेक्स खाली येतील असं समजून दिवस आखा.

दुसरी गोष्ट पाहायची ती दवबिंदू. आर्द्रतेची टक्केवारी ऊन-सावलीबरोबर खाली-वर होते, त्यामुळे फसवते. दवबिंदू हवेत खरोखर किती बाष्प आहे ते सांगतो आणि तो फोनवरच्या बहुतेक हवामान अ‍ॅपमध्ये सापडतो. पुण्यात तो दहा-बारा अंशांवर असेल तर वळवाची फारशी आशा नको. सकाळीच अठराच्या पुढे गेलेला असेल, रात्री पंख्याखालीही चिकचिक झाली असेल, तर दुपारकडे लक्ष ठेवायचं. हा काही शास्त्रीय नियम नाही, हाताशी ठेवायचा ठोकताळा आहे.

फोनमध्ये मूळच्याच असलेल्या अ‍ॅपवर ‘संध्याकाळी ६ वाजता पाऊस ४० टक्के’ असं दिसतं, त्यातल्या सहा या आकड्याला काही अर्थ देऊ नका. वळवाची वेळ आणि पेठ सकाळी कोणालाच सांगता येत नाही.

सकाळीच दोन अ‍ॅप उघडून त्यांना स्थान वापरायची परवानगी दिली आहे ना, हेही बघून ठेवा. एक हवामान विभागाचं ‘मौसम’. दुसरं ‘दामिनी’, जे आपल्या पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेलं आहे आणि आसपास वीज कुठे पडते आहे ते जवळजवळ लगेच दाखवतं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ही घेतलं तर उत्तम. आयत्या वेळी, भर वादळात, नेटवर्क गेलेलं असताना पासवर्ड आठवत बसायला लागू नये.

पायरी दुसरी: दुपारी बारा ते चार, आकाशाकडे बघा

हा भाग अ‍ॅपपेक्षा मोलाचा आहे आणि फुकट आहे. गच्ची असेल तर गच्चीवरून, नसेल तर ऑफिसच्या जिन्यातल्या खिडकीतून, तासातून एकदा चारही दिशांना नजर टाकायची.

बाराच्या सुमारास सिंहगडाच्या रांगेवर किंवा पुरंदरच्या बाजूला छोटे पांढरे पुंजके दिसू लागतात. त्यांचे तळ सपाट आणि एका उंचीवर असतात. पुंजके जितके रुंद तितकेच उंच असतील आणि दोनपर्यंत विरून जात असतील तर दिवस निवांत. पण एखादा पुंजका रुंदीपेक्षा उंच होऊ लागला, त्याचा माथा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा टणक आणि कडा कातरल्यासारख्या स्पष्ट दिसू लागल्या, तर त्याच्यावरून नजर हलवू नका. पाच-पाच मिनिटांनी बघितलं तरी तो वाढलेला कळतो.

मग एक क्षण असा येतो की माथ्याची ती टणक कड पुसट होते. पिंजलेल्या कापसासारखा पांढरा पदर सुटतो आणि एका बाजूला पसरायला लागतो. माथ्यावर बर्फ झाला, ढग पक्का झाला. तो पदर ऐरणीच्या आकारात पसरून कधीकधी सूर्य झाकतो; चारच्या उन्हात अचानक मळका उजेड पडतो तो त्यामुळे. वरचा वारा जिकडे वाहतो तिकडे पदर ताणला जातो, आणि ढगही ढोबळमानाने तिकडेच सरकतो. पदर तुमच्याकडे येत असेल तर तयारीला लागा.

आकाशभर दुधी पातळ ढगांची चादर सकाळपासूनच असेल तर उलट शक्यता कमी होते, कारण जमीन पुरेशी तापतच नाही. उकाडा असह्य, आकाश दुधी, लोक म्हणतात ‘आज नक्की’, आणि रात्री दहापर्यंत काही नाही, हा अनुभव प्रत्येक मे महिन्यात येतो.

दिशेबद्दल एक पक्का गैरसमज आहे. पाऊस म्हणजे पश्चिमेकडून येणार, ही मान्सूनची सवय. वळीव पश्चिम जाणत नाही. तो दौंड-यवतकडून येतो, सासवडकडून दिवे घाट उतरून येतो, कधी थेट डोक्यावरच तयार होतो. बाल्कनी पश्चिमेला असलेल्यांनी जिना चढून पूर्वेकडे बघायची तसदी घ्यावीच.

तीननंतर हवामान विभागाचा पुढच्या तीन तासांसाठीचा तात्काळ इशारा बघायला सुरुवात करा. जिल्ह्याच्या सकाळच्या इशाऱ्यापेक्षा हा कितीतरी कामाचा. ‘दामिनी’वर तुमच्याभोवतीच्या वर्तुळात ठिपके दिसू लागले की तर्क संपला, आता हालचाल. पावसाचे ढग टिपणाऱ्या मुंबईच्या डॉप्लर रडारचं चित्रही हवामान विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येतं, पण ते रडार पुण्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. एवढ्या अंतरावर त्याचा किरण बराच उंचावरून जातो, त्यामुळे ढगाचा वरचा भाग दिसतो आणि खालचा वारा दिसत नाही. ढग कुठून कुठे सरकतोय एवढ्यासाठीच ते वापरा.

आणि शेवटची खूण, जी कळायला काहीही लागत नाही. दिवसभरचा वारा अचानक पडतो, पानही हलत नाही. मग ढगाच्या दिशेने गार झुळूक येते. ती झुळूक म्हणजे त्या लोटाची आघाडी. इथून पुढे तुमच्या हातात मिनिटं आहेत. लोट पोचला की अर्ध्या तासात तापमान दहा-बारा अंशांनी सहज उतरतं, आणि ‘वा, काय गारवा आहे’ म्हणत लोक नेमके त्याच वेळी झाडाखाली येऊन उभे राहतात.

पायरी तिसरी: निघायचं की थांबायचं, हे साडेचारच्या आत ठरवा

वळवाची आवडती वेळ चार ते आठ. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा सुटायची वेळही तीच. त्यामुळे निर्णय गाडीला किल्ली लावताना घ्यायचा नसतो.

ढग वाढताना दिसतोय, पण गडगडाट अजून ऐकू येत नाही आणि घर अर्ध्या तासावर आहे: लगेच निघा. गडगडाट ऐकू येतोय किंवा घर तासावर आहे: निघू नका. एका ढगाचा जोर साधारण पाऊण ते एक तासात ओसरतो. ऑफिसमध्ये बसून एक चहा जास्त प्यायलात तर जे टळतं, ते रस्त्यात अडकून टळत नाही. एक सावधगिरी मात्र हवी: पहिल्या ढगाचा गार लोट पुढे जाऊन दुसरा ढग उभा करू शकतो. पहिली सर थांबल्या थांबल्या सुटू नका, पुन्हा एकदा आकाश आणि ‘दामिनी’ बघा.

घरी फोन करून ‘थांबतोय’ असं सांगायचं. आई ‘लवकर ये, पाऊस येतोय’ म्हणते ते प्रेमापोटी. तिलाही हा हिशेब एकदा समजावून सांगा.

मेट्रोच्या आसपास राहणाऱ्यांनी अशा दिवशी गाडी ठेवून मेट्रोने यावं. तेही जमत नसेल तर वाटेत कुठलं स्थानक कुठे लागतं एवढं लक्षात ठेवावं. वादळात रस्त्यावरच्या माणसाला त्याच्याइतका भक्कम आडोसा क्वचितच मिळतो.

दुचाकीवर असताना वारा सुटला तर

पुणं दुचाकीचं शहर, म्हणून या भागावर जरा थांबू या.

वेग कमी करा आणि आधी डावीकडे या. अचानक ब्रेक लावू नका. मागचा माणूसही डोळ्यांतली धूळ काढतोय. काच खाली घ्या. हेल्मेटची काच नसेल तर चष्मा तरी हवा, कारण बांधकामांच्या शेजारून जाताना डोळ्यांत जाते ती नुसती माती नसते, सिमेंट आणि वाळूही असते. आडवा झोत स्कूटरला हलवतो, मागे कोणी बसलं असेल तर जास्तच. पुलावर आणि महामार्गाच्या बाह्यवळणावर आडोसा नसल्यामुळे झोत थेट लागतो.

आता कुठे थांबायचं. पक्क्या इमारतीत: दुकान, बँक, हॉटेल, दवाखाना, मेट्रो स्थानक, एखाद्या सोसायटीचं पार्किंग. वॉचमनला दोन शब्द नीट बोललात तर तो आत घेतो.

कुठे थांबायचं नाही ही यादी मोठी आहे. झाडाखाली नाही, त्यातही गुलमोहर, सोनमोहर आणि सुबाभळीखाली तर मुळीच नाही. या झाडांचं लाकूड ठिसूळ, आणि शहरात फूटपाथच्या काँक्रीटमध्ये मुळं आवळलेली. होर्डिंगखाली किंवा त्याच्या पडण्याच्या अंतरात नाही. बांधकामाभोवती लावलेल्या पत्र्यांच्या कुंपणाशेजारी नाही. वाऱ्यात ते पत्रे सुटतात तेव्हा त्यांना धार असते. जुन्या भिंतीलगत नाही. टपरीच्या पत्र्याखाली नाही. पेट्रोल पंपाचं छत साध्या सरीपुरतं ठीक, वादळी वाऱ्यात त्यावर भिस्त ठेवू नका.

उड्डाणपुलाखाली थांबायची आपली जुनी रीत आहे. पाच गाड्या थांबतात, मग पंधरा, मग एक मार्गिका बंद होते आणि मागून येणाऱ्या बसला धुरळ्यात हे सगळे दिसत नाहीत. पुलाखाली थांबायचंच असेल तर गाडी रस्त्याच्या बाहेर, खांबांच्या रांगेच्या आत घ्या आणि मागचा दिवा चालू ठेवा.

थांबलात तरी हेल्मेट काढू नका. गार लिंबाएवढी असेल तेव्हा त्याची किंमत कळते.

सर ओसरल्यावरही रस्ता चांगलाच निसरडा असतो. महिनोन्महिन्यांचं तेल आणि धूळ पाण्यात कालवलेली, वर गुलमोहराच्या पाकळ्यांचा सडा. झेब्रा पट्ट्यांवर, लोखंडी झाकणांवर आणि वळणावर गाडी आडवी करू नका.

वीज

प्रकाश दिसल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तिनाने भागा, उत्तर किलोमीटरमध्ये. तीस सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि पुढची तुमच्याजवळ पडू शकते. तेव्हा आत जायचं. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून तीस मिनिटं बाहेर पडायचं नाही. ही तीस मिनिटं कोणी पाळत नाही. क्रिकेटवाली पोरं तर पाऊस थांबला की पाचव्या मिनिटाला मैदानात.

संध्याकाळी टेकडीवर जाणाऱ्यांनी हे जास्त मनावर घ्यायला हवं. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, पर्वती, आणि अर्थातच सिंहगड; उघड्या माथ्यावर तुम्हीच सर्वांत उंच वस्तू होता. पूर्वेला किंवा दक्षिणेला ऐरणीचा ढग दिसत असेल तर त्या दिवशी फेरी खालच्या रस्त्यावर मारा. वर असतानाच गडगडाट ऐकू आला तर माथा आणि कडा सोडून उतरायला लागा. एकट्या झाडाखाली थांबू नका. घोळक्याने असाल तर एकमेकांपासून अंतर ठेवा. उतरायला वेळच नसेल तर पाय जुळवून उकिडवे बसा, डोकं खाली, हात कानांवर. जमिनीवर आडवे पडू नका, कारण वीज जमिनीतूनही पसरते. हा शेवटचा उपाय आहे, सुरक्षित जागेला पर्याय नव्हे.

बंद काचांची, पत्र्याच्या छताची चारचाकी सुरक्षित, पण ती रबरी टायरमुळे नाही. वीज धातूच्या बाहेरच्या सांगाड्यातून जमिनीत जाते, म्हणून. दुचाकीलाही टायर रबराचेच असतात, तिचा काही उपयोग नाही. रबरी चपलेचाही नाही. मोबाइल वीज ओढून घेतो हीसुद्धा ऐकीव गोष्ट. चार्जरला लावलेला फोन कानाला धरणं मात्र टाळा. घरात असताना नळ, आंघोळ, कपडे धुणं थोडा वेळ थांबवा. पोहण्याच्या तलावातून मुलांना बाहेर काढा.

वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्याला हात लावायला घाबरू नका. श्वास चालू नसेल तर लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात करा आणि दुसऱ्याला १०८ किंवा ११२ लावायला सांगा.

घर आणि सोसायटी

ही कामं गुढीपाडव्याच्या आत उरकली तर बरं.

गच्चीवर जा आणि प्रत्येक वस्तूकडे ‘ही उडेल का’ या नजरेने बघा. पाण्याच्या टाक्यांची झाकणं दोरीने बांधलेली हवीत. सोलर पॅनलचे क्लॅम्प आणि बोल्ट हाताने हलवून बघा, गंज चढला असेल तर बदलून घ्या. पार्किंगच्या पत्र्यांचे हुक तपासा. कठड्यावरच्या कुंड्या खाली घ्या. चौथ्या मजल्यावरून पडलेली तुळशीची कुंडी कोणाच्या डोक्यात पडेल ते सांगता येत नाही. पावसाळी पाइपाच्या तोंडाशी साठलेली पानं काढा. पहिल्याच सरीला गच्चीत तळं साचतं ते याच पानांमुळे.

आवारातल्या झाडाची धोकादायक फांदी आपल्या मनाने तोडता येत नाही. शहरातल्या झाडांना १९७५ च्या महाराष्ट्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाचं संरक्षण आहे, त्यामुळे महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागतो. पाहणी, परवानगी यात वेळ जातो. अर्ज हिवाळ्यातच करा. सोबत फांदीचा, बुंध्यावरच्या पोकळीचा फोटो जोडा. फांदी कोणाच्या हद्दीत येते यावर सोसायटीच्या ग्रुपवर चालणारा वाद मे महिन्यापर्यंत संपत नाही, म्हणून सचिवांनी अर्ज आधी टाकावा आणि वाद नंतर चालू द्यावा.

कुरडया, पापड, सांडगे, गहू असं वाळवण गच्चीवर असेल तर इशाऱ्याच्या दिवशी तीनलाच गोळा करा. थेंब पडल्यावर धावत वर जाणं म्हणजे नेमकी विजेची वेळ साधणं.

वादळ जवळ आलं की टीव्ही, वायफायचा राउटर, संगणक यांचे प्लग काढून ठेवा, नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. लिफ्ट वापरू नका. तळघरात पार्किंग असेल आणि पाऊस जोराचा असेल तर गाडी काढायला खाली उतरू नका. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला लोंढा आला तो हंगाम वेगळा होता, पण थोड्या वेळात कोसळणारा पाऊस ओढ्याचं काय करतो ते कात्रज ते अरण्येश्वर सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

लॉनवरची लग्नं

गोरज मुहूर्त आणि वळीव यांची वेळ एकच. मे महिन्यात उघड्या लॉनवर लग्न ठरवताना जेवणाच्या मेनूआधी कार्यालयाला तीन प्रश्न विचारा. पाहुण्यांना पंधरा मिनिटांत हलवता येईल असा पक्का हॉल आवारात आहे का? मांडव, लोखंडी सांगाडे आणि मोठा पडदा कशाला बांधलेले आहेत, नुसत्या वाळूच्या पोत्यांना की जमिनीतल्या खुंट्यांना? जनरेटर आणि वायरी ओल्या गवतात आहेत की उंचावर? उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरं कार्यालय बघा. लग्नाच्या दिवशी एका भाच्याला नेमून द्या. त्याने फोटोत यायचं नाही, चारपासून आकाश आणि ‘दामिनी’ बघायची. गडगडाट ऐकू आला की आधी माणसं आत, आहेर नंतर.

जिल्ह्यात शेत असेल तर

जुन्नर-आंबेगावचा उन्हाळी कांदा काढणीला आलेला असतो आणि ताडपत्री नेहमी दुसऱ्याच शेतात असते. इशाऱ्याचा रंग पिवळा दिसला की ती बांधावर आणून ठेवा आणि काढलेला माल झाकायला सकाळीच माणूस सांगा. पाडाला आलेला आंबा दोन दिवस आधी उतरवलेला परवडतो. मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा कृषी हवामान सल्ला ‘मेघदूत’ अ‍ॅपवर मराठीत मिळतो.

जनावरं झाडाला बांधू नका. वीज झाडावर पडते आणि जमिनीत पसरते. चार पायांमधलं अंतर जास्त असल्याने जनावराच्या अंगातून प्रवाह सहज जातो. तारेच्या कुंपणापासून, विहिरीच्या लोखंडी सांगाड्यापासून आणि पाण्याने भरलेल्या वाफ्यातून स्वतः लांब व्हा. गारपीट झाली तर त्याच दिवशी गारांसकट पिकाचे फोटो काढा आणि तलाठी व कृषी सहायकांना कळवून पंचनाम्याचा आग्रह धरा. गारा तासाभरात वितळतात.

वादळ गेल्यावर

बाहेर पडताना आधी वर बघा, मग खाली. अर्धवट मोडून लटकलेली फांदी तासाभराने पडू शकते. तार तुटून पडलेली दिसली तर ती बंदच आहे असं धरू नका. दहा मीटर लांब राहा, इतरांना अडवा आणि महावितरणला १९१२ वर कळवा. झाड पडून रस्ता अडला असेल किंवा कोणी अडकलं असेल तर अग्निशमन दल १०१. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७.

गाडीवर झाड पडलं असेल तर ती हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो घ्या, नंबरप्लेट आणि झाड एकाच चौकटीत येईल असे. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. भरपाई मिळते ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण घेतलेलं असेल तरच. फक्त थर्ड पार्टी विम्यावर झाड पडल्याचे पैसे मिळत नाहीत. तुमची पॉलिसी कोणती आहे ते आजच उघडून बघा.

मेअखेर अरबी समुद्रात चक्रीवादळ असेल तर हा लेख बाजूला ठेवा. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं तेव्हा पुण्यातही झाडं पडली. पण चक्रीवादळाची सूचना एक-दोन दिवस आधी मिळते आणि त्याचा वारा तासन् तास टिकतो. तिथे सेकंद मोजण्याचा आणि पाऊण तास थांबण्याचा हिशेब चालत नाही. प्रशासन सांगेल तोपर्यंत घरातच राहायचं, पाणी भरून ठेवायचं, फोन आणि पॉवर बँक चार्ज करून ठेवायची.